बिब्ब्याची खूण

यंदाच्या अंकाचा विषय ‘खूण’, असं संपादकांनी कळवलं आणि मी आधी आमच्या लाँड्रीवाल्याकडे गेले. बिब्ब्यावर लिहायचं मनात होतं. बिब्ब्याचं काळं तेल कापडाला लावून वर चुना फिरवला की डाग असा पक्का बसतो, की पुढे कितीही भट्ट्या होवोत, तो हलत नाही. परीट त्याच शाईने धोतराच्या नाहीतर चादरीच्या कोपऱ्यात घराची खूण घालायचे. एका घराला दोन ठिपके, दुसऱ्याला ठिपका आणि रेघ. लाँड्रीवाल्याने सगळं ऐकून घेतलं आणि एका शर्टाच्या काजाशी पिवळी चिठ्ठी स्टेपल करून दाखवली. “बिब्बा आजोबांच्या वेळी. बोटं कायम उतलेली असायची त्यांची. त्यापेक्षा हे बरंय.”

लेख तिथेच बारगळला असता. पण त्या रविवारी माझी भाची जेवायला आली. ती पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत पीएच.डी. करते. पाचवं वर्ष चालू आहे, त्यामुळे ‘कधी संपणार?’ हा प्रश्न घरात आता कुणी विचारत नाही. बिब्ब्याची गोष्ट तिने भात कालवता कालवता ऐकली आणि म्हणाली, “मावशी, मी पाच वर्षं दुसरं काय करतेय? सगळ्या गावाचे कपडे एका भट्टीत, त्यातून एकच सदरा काढायचा. तोही न फाडता.”

दुसऱ्या दिवशी मी तिच्या लॅबमध्ये होते. पुढच्या दोन आठवड्यांत आणखी चार वेळा गेले. तिच्या अटी तीन: संस्थेचं नाव नको, सरांचं नाव नको आणि तिच्या प्रथिनाचं नाव तर मुळीच नको. पेपर अजून निघायचाय.

गावाची भट्टी

आतल्या खोलीत चपला बाहेर काढून जावं लागतं. तिथल्या इन्क्युबेटरमध्ये ३७ अंशांवर, पातळ कोकम सरबतासारख्या गुलाबी द्रवात पेशी वाढतात. पेशींचं नाव एचईके-२९३. फ्रँक ग्रॅहम यांनी १९७३ साली नेदरलँड्समधल्या लायडन इथे मानवी भ्रूणाच्या मूत्रपिंडातल्या पेशींपासून हा वंश तयार केला. तो त्यांचा २९३वा प्रयोग होता, म्हणून तो आकडा. इथल्या पेशी मात्र गणेशखिंडीतून आल्या आहेत. पुणे विद्यापीठाच्या आवारातल्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात पेशींची पेढी आहे आणि देशभरातल्या लॅब तिथून पेशी मागवतात.

अशा एका पेशीत सुमारे १०,००० प्रकारची प्रथिनं असतात. काहींच्या लाखो प्रती, काहींच्या जेमतेम काही हजार. मोडक्या प्रथिनांना हेरून त्यांची विल्हेवाट लावणारी एक यंत्रणा पेशीत असते. भाचीचं प्रथिन त्या यंत्रणेतलं. ते कुणाबरोबर काम करतं हे तिला शोधायचंय, म्हणजे ते सोबत्यांसकट बाहेर काढायला हवं. पुढे त्याची घडण बघायचीय, म्हणजे ते एकटं आणि स्वच्छही हवं.

आता अडचण बघा. सगळी प्रथिनं त्याच २० अमिनो आम्लांच्या माळा. बहुतेकांना रंग नाही, वास नाही. जुन्या पिढीतले जीवरसायनशास्त्रज्ञ खाटिकखान्यातून बैलांची हृदयं नाहीतर यकृतं किलोंनी आणत. मिठाच्या पाण्यात काय साकळतं, कोणावर किती विद्युतभार आहे, कोण लहान, कोण मोठं, अशा एकामागून एक चाळण्या लावत महिनोन्‌महिने गाळत बसत. आणि दुसरं प्रथिन हवं असेल तर चाळण्या पुन्हा नव्याने शोधायच्या.

दुसरी वाट प्रतिपिंडांची. करोनाच्या वर्षात ज्यांची टेस्ट करून घ्यायला आपण रांगा लावल्या, तीच. परक्या वस्तूचा एखादा बारीक अवयव नेमका ओळखून त्याला चिकटायचं, हे प्रतिपिंडाचं काम. तेव्हा आपल्या प्रथिनाला ओळखणारं प्रतिपिंड तयार करून घेतलं की झालं. पण त्यालाही महिने लागतात. कधी ते जमतच नाही. जमलं तरी ते त्या एका प्रथिनापुरतंच.

१९८०च्या दशकात ज्यांनी हा प्रश्न उलटा करून बघितला, त्यांना मी परटाच्याच जातकुळीत बसवेन. परीट जोशांचं धोतर आणि कुलकर्ण्यांचं धोतर त्यांच्या विणीवरून ओळखत बसत नाही. तो दोन्हींवर खूण घालतो आणि पुढे फक्त खूण वाचतो. एखादं खात्रीचं प्रतिपिंड हाताशी आहे ना? मग ते ज्या तुकड्याला ओळखतं, तो तुकडाच हव्या त्या प्रथिनाला जोडून द्या.

चोवीस अक्षरं

खूण प्रथिनावर चिकटवत नाहीत. ती प्रथिनाच्या पाककृतीत लिहितात. एका अमिनो आम्लासाठी जनुकात तीन अक्षरं लागतात. भाचीची खूण आठ अमिनो आम्लांची, म्हणजे चोवीस अक्षरं. ती जनुकाच्या एका टोकाला जोडून डीएनएचं लहानसं कडं, म्हणजे प्लास्मिड, तयार करायचं आणि पेशींमध्ये सोडायचं. पेशी बिचारी प्रामाणिक. ती लिहिलेलं सगळं वाचते आणि शेपटीसकट प्रथिन बनवते. दोन माळा जोडून झालेल्या अशा प्रथिनाला ‘फ्यूजन’ म्हणतात आणि शेपटीला लॅबमध्ये सगळे ‘टॅग’च म्हणतात.

हा प्रकार पहिल्यांदा करून बघणाऱ्यांत केंब्रिजचे शॉन मन्रो आणि ह्यू पेलम होते. त्यांनी १९८४ साली फळमाशीच्या एका प्रथिनाला ‘सबस्टन्स पी’ या चेताद्रव्याचा तुकडा जोडला, कारण तो ओळखणारं प्रतिपिंड आयतं मिळत होतं. त्यानंतर ज्याच्या फडताळात जे चांगलं प्रतिपिंड होतं, त्यावरून एकेक टॅग जन्माला आला. एचए नावाचा टॅग म्हणजे फ्लूच्या विषाणूच्या आवरणातली नऊ अमिनो आम्लं. मिक टॅग म्हणजे कर्करोगाशी संबंध असलेल्या मानवी मिक प्रथिनातली दहा. त्यांच्या प्रतिपिंडांची नावं ‘१२सीए५’ आणि ‘९ई१०’. जगभरच्या लॅबमध्ये ही नावं अण्णा-अप्पांसारखी घेतली जातात. असे क्रमांक बहुधा प्रतिपिंड बनवणारी पेशी प्लेटमधल्या कुठल्या खळग्यात सापडली त्यावरून पडतात.

काही शेपट्या प्राण्याहून मोठ्या. जीएसटी हे वजनाने २६ किलोडाल्टनचं आख्खं प्रथिन. मेलबर्नच्या स्मिथ आणि जॉन्सन यांनी १९८८ मध्ये ते शिस्टोसोमा नावाच्या जपानी रक्तकृमीतून घेतलं. (याच कुळातला एक कृमी गेल्या शतकाच्या मध्याला रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात सापडला आणि भारतीय वैद्यकाच्या पुस्तकांत ते गाव कायमचं जाऊन बसलं. मी गुहागरला जाताना तिथून गेलेय, तेव्हा हे ठाऊक नव्हतं.)

भाचीचा टॅग ‘फ्लॅग’. अमिनो आम्लांच्या एकाक्षरी लिपीत तो डी-वाय-के-डी-डी-डी-डी-के असा वाचतात. बाकीचे टॅग कुठून ना कुठून उचललेले, हा मात्र बसून आखलेला. १९८८ साली सिएटलमधल्या इम्युनेक्स कंपनीत टॉम हॉप आणि सहकाऱ्यांनी तो तयार केला. प्रथिनाचा कोणता भाग पाण्याच्या बाजूला राहील आणि कोणता घडीत दडेल, याचं गणित हॉप यांनी आधीच १९८१ मध्ये मांडलं होतं. ‘डी’ म्हणजे अस्पार्टिक आम्ल. त्यावर विद्युतभार असतो, त्यामुळे त्याला पाणी आवडतं आणि ते आत दडी मारत नाही. खूण कोपऱ्यात पण वरच्या बाजूला हवी, हे परटालाही कळत होतं. शिवाय शेवटची पाच अक्षरं अशी निवडली, की आपल्या आतड्यातलं एंटरोकायनेज हे विकर नेमकं त्यांच्यापुढे कापतं. म्हणजे खूण काढायची झाली तर कुठे कापायचं तेही खुणेतच लिहिलेलं. मला हे फार आवडलं. मी तसं म्हटल्यावर भाची म्हणाली, “पेटंट घेणाऱ्यांनाही आवडलं असणार.”

उंदीर, शेळी आणि मुळा

प्रतिपिंड येतं कुठून? पिंपरीला हाफकिनच्या तबेल्यांत घोड्यांना सापाचं विष अगदी थोड्या मात्रेत टोचतात आणि मग त्यांच्या रक्तातून सर्पदंशावरचं औषध करतात, हे पुण्याच्या लोकांना माहीत असतं. त्या रक्तात एका विषावर शेकडो तऱ्हांची प्रतिपिंडं असतात, कुणी इथे चावा घेतंय, कुणी तिथे. विष मारायला हा जमाव उत्तम. पण आठ अमिनो आम्लांची एकच खूण वर्षानुवर्षं, दर वेळी तशीच वाचायची तर जमाव नको, एकच वाचक हवा. घोडा मेला की त्याचं रक्त गेलं, हेही नको.

ते कोडं १९७५ साली केंब्रिजमध्येच सुटलं. सेझार मिलस्टीन अर्जेंटिनाचे, जॉर्ज क्योलर जर्मन. उंदराच्या प्लीहेतल्या प्रतिपिंड बनवणाऱ्या पेशी बाहेर काढल्या की थोड्या दिवसांत मरतात. कर्करोगाच्या पेशी मरत नाहीत. दोघांनी त्यांचं लग्न लावून दिलं. अशा जोड-पेशीतून जो वंश वाढतो तो एकच प्रतिपिंड बनवत राहतो आणि त्याला अंत नाही. १९८४ मध्ये नील्स येर्नं यांच्यासह त्यांना नोबेल मिळालं. या पद्धतीचं पेटंट कुणी घेतलंच नाही आणि ब्रिटनमध्ये त्याची हळहळ पुढे कितीतरी वर्षं चालू होती. फ्लॅग ओळखणारं ‘एम२’ हे प्रतिपिंड असंच उंदराचं. मूळ उंदीर केव्हाच गेला. त्याने एकदा ओळखलेलं अजून बाटलीत विकत मिळतं.

माझ्या तिसऱ्या भेटीत भाची ‘वेस्टर्न’ करत होती. पेशी फोडून जो राप मिळतो, त्याला लायसेट म्हणतात. तो जेलीच्या पातळ वडीत वरून भरायचा आणि वीज लावायची. लहान प्रथिनं भराभर खाली सरकतात, मोठी मागे रेंगाळतात. मग जेलमधली प्रथिनं तशीच्या तशी कागदासारख्या पडद्यावर उतरवायची. बाझलच्या टौबिन यांनी १९७९ मध्ये ही उतरवण्याची पद्धत दिली. एडविन सदर्न या गृहस्थांच्या नावाने डीएनएची ‘सदर्न’ पद्धत आधीच होती, आरएनएसाठी लोकांनी गंमतीत ‘नॉर्दर्न’ केली होती, तेव्हा सिएटलच्या बर्नेट यांनी १९८१ मध्ये प्रथिनांच्या पद्धतीला ‘वेस्टर्न’ म्हटलं. शास्त्रज्ञांचे विनोद असेच असतात.

यानंतर जे झालं ते बघून मी जरा चकितच झाले. तिने कपाटातून दूध पावडरचं पाकीट काढलं. किराणा दुकानातलं, साय काढलेल्या दुधाचं. पाच टक्क्यांचं दूध करून त्यात पडदा बुडवला. पडदा हावरट असतो, प्रतिपिंड टाकलं तर ते तो कुठेही चिकटवून घेईल. म्हणून आधी दुधातल्या प्रथिनांनी त्याच्या रिकाम्या जागा भरून टाकायच्या. तासाभराने दूध ओतून दिलं आणि उंदराचं एम२ घातलं. ते रात्रभर कोल्ड रूममध्ये डुलत राहिलं.

सकाळी शेळी आली. म्हणजे शेळीच्या रक्तातलं, उंदराच्या प्रतिपिंडाला ओळखणारं प्रतिपिंड. याला ‘सेकंडरी’ म्हणतात. त्याच्या पाठीवर मुळ्याच्या लांबच्या नात्यातल्या हॉर्सरॅडिश नावाच्या तिखट मुळातलं एक विकर बांधलेलं असतं. खुणेला उंदीर धरतो, उंदराला शेळी धरते, शेळीच्या पाठीवर मुळा, आणि वरून ल्युमिनॉलचं द्रावण घातलं की मुळा उजेड पाडतो. गुन्ह्याच्या जागी रक्ताचे डाग शोधायला पोलीस वापरतात तेच ल्युमिनॉल. आजीबाईच्या गोष्टीतली साखळी वाटावी, पण रोज जगातल्या हजारो लॅबमध्ये हीच चालते. पूर्वी हा उजेड एक्स-रे फिल्मवर टिपायचे, अंधाऱ्या खोलीत, लाल दिव्यात. आता कॅमेऱ्याच्या पेटीत पडदा सरकवला आणि संगणकावर एक काळी आडवी रेघ उमटली.

ठिपका नाही, नुसती रेघ. मला आजीच्या चादरी आठवल्या, पण मी बोलले नाही.

चायना ग्रासचे मणी

ओळखणं झालं, आता उपसून काढणं. उन्हाळ्यात आपण ज्याची पुडिंगं लावतो ते चायना ग्रास समुद्रातल्या शेवाळापासून मिळतं. त्यातलाच निवडक भाग म्हणजे अगरोज. त्याचे डोळ्याला जेमतेम दिसतील एवढे गोल मणी करतात आणि त्यांच्या अंगावर एम२ प्रतिपिंड कायमचं जडवून टाकतात. यांना सगळे ‘बीड्स’ म्हणतात आणि देव्हाऱ्यातल्यासारखे जपतात. ते उणे २० अंशांत पण ग्लिसरॉलमध्ये ठेवतात, कारण गोठले तर मणी फुटतात. परदेशातून बर्फात येतात, आणि विमानतळावरच्या कागदपत्रांत अडकले तर पोचेपर्यंत त्या बर्फाचं पाणी झालेलं असतं. वापरून झाले की सौम्य आम्लाने धुऊन पुन्हा वापरतात. किती वेळा? भाचीने उत्तर द्यायचं टाळलं. पलीकडच्या टेबलावरच्या मुलाने पाच बोटं दाखवली, मग विचार करून आणखी दोन.

काम दिसायला अगदी साधं. पेशी बर्फावर फोडायच्या. पेशी फुटली की तिच्यातलीच विकरं मोकाट सुटून प्रथिनं कुरतडायला लागतात, म्हणून थंडी हवी आणि त्यांना आवर घालणारी औषधंही. मशीनमध्ये गरगर फिरवून गाळ खाली बसवायचा. वरच्या निवळीत चाळीस मायक्रोलिटर बीड्स, म्हणजे दोन थेंबही नाहीत, आणि ट्यूब कोल्ड रूममधल्या चक्रावर उलटीपालटी फिरत ठेवायची. तीन-चार तासांनी बीड्स खाली बसवून पाणी काढून टाकायचं, नवं घालायचं, पुन्हा काढायचं. या धुण्यातच सगळं कसब आहे. कमी धुतलं तर नको ती मंडळी राहतात. जास्त धुतलं, मीठ वाढवलं, तर प्रथिनाचे खरे सोबतीही सुटून जातात आणि त्यांनाच तर शोधायचंय. प्रत्येक लॅबचा धुण्याचा वेगळा रिवाज असतो आणि तो पेपरमध्ये एका ओळीत उरकतात. मी विचारलं, किती वेळा धुतेस? “सर म्हणतात तीन. मी चार करते. लिहिते तीन.”

आणि मग सोडवायचं कसं? पाण्यात नुसता फ्लॅगचाच तुकडा, प्रथिनाशिवायचा, भरपूर घालायचा. प्रतिपिंडाची पकड म्हणजे कुलूप नव्हे. क्षणभर सुटते, पुन्हा बसते. ते लोकलमधल्या खिडकीच्या जागेसारखं आहे, उठलात की गेली. प्रथिन जरा हललं की मोकळा तुकडा त्याची जागा पटकावतो आणि प्रथिन बाहेर तरंगतं, न फाटता, न जळता. इतर प्रतिपिंडांवरून माल काढायला लोक थेट आम्ल ओततात आणि लगेच अल्कली घालून सावरतात. अशा वेळी प्रथिन कधीकधी घडी मोडून बसतं आणि मग त्याचा काही उपयोग राहत नाही.

शेजारच्या लॅबमध्ये याहून स्वस्त प्रकार बघितला. काचेच्या नळीत फिक्या निळसर-हिरव्या रंगाचा गर. तो रंग निकेलचा. सहा हिस्टिडिनांची शेपटी निकेलला धरते आणि इमिडॅझोल ओतलं की सुटते. प्रतिपिंडाची गरजच नाही. १९८७-८८ च्या सुमाराला बाझलच्या रोश कंपनीत हे निघालं. जिवाणूंमध्ये लिटरच्या लिटर प्रथिन बनवायचं असेल तर हेच वापरतात. पण मानवी पेशीच्या रापात हिस्टिडिनं जवळजवळ असलेली प्रथिनं पुष्कळ असतात, तीही येऊन चिकटतात. घाऊक बाजाराला निकेल, किरकोळीला फ्लॅग.

पन्नासचा चकवा

कोकणात चकवा लागतो म्हणतात. माणूस रात्रभर चालतो आणि उजाडताना पाहतो तर निघाला त्याच पारावर. भाचीला दुसऱ्या वर्षी तो लागला होता.

तिचं प्रथिन सुमारे ५१ किलोडाल्टनचं. बीड्सवरून काढलेला माल तिने वेस्टर्नला लावला आणि ५० च्या जवळ झकास, जाड, काळी रेघ आली. दर वेळी आली. तीन महिने ती त्या रेघेवर प्रयोग रचत राहिली. प्रथिनाचा अर्धा भाग कापून टाकला तरी रेघ तिथेच. औषध दिलं तरी तेवढीच जाड. मग लॅब मीटिंगमध्ये सरांनी एकच विचारलं, “रिकामी लेन कुठे आहे?”

रिकामी लेन म्हणजे ज्या पेशींत टॅगच घातला नाही, त्यांचा राप तसाच बीड्समधून काढून शेजारी लावायचा. बीड्स वाचवायला तिने ती गाळली होती. दुसऱ्या दिवशी लावली. त्या रिकाम्या लेनमध्येही ५० पाशी तीच रेघ, तेवढीच काळी.

ती रेघ प्रतिपिंडाचीच होती. प्रतिपिंडाच्या रेणूत ५० किलोडाल्टनच्या दोन जड साखळ्या आणि २५ च्या दोन हलक्या साखळ्या असतात. त्या वेळी ती माल सोडवायला बीड्स सरळ उकळायची. स्वस्त पडतं ना. उकळल्यावर प्रथिनाबरोबर बीड्सवरचा उंदीरही सुटून येतो, आणि पडद्यावर शेळी तर उंदराच्याच शोधात असते. तिला उंदीर सापडला. तिने चोख काम केलं होतं.

उपाय तिने नंतर केले: उकळणं बंद, तुकडा घालून हळू सोडवणं, पडद्यावर उंदराऐवजी सशाचं प्रतिपिंड. काही लॅब उंटाकडे वळल्या आहेत. ब्रसेल्समध्ये १९८०च्या दशकाच्या शेवटी विद्यार्थ्यांच्या प्रात्यक्षिकात उंटाचं रक्त तपासताना लक्षात आलं, की उंटाच्या काही प्रतिपिंडांत हलकी साखळी नसतेच. १९९३ मध्ये ते ‘नेचर’मध्ये छापून आलं. त्या प्रतिपिंडाचं फक्त टोक कापून घेतलं तर ते १५ किलोडाल्टनच्या आसपास भरतं आणि ५० पाशी घोटाळा करत नाही.

पण चकवा एकाच जागी नसतो. मानवी पेशींत पीआरएमटी५ नावाचं एक प्रथिन आहे, त्याला टॅगबिग काही नसताना ते एम२ बीड्सवर येऊन बसतं. हे २००३ मध्ये छापून आलेलं आहे, तरी नव्याने शिकणारा एखादा त्याला आपल्या प्रथिनाचा सोबती समजून हरखतोच. ९ई१० ला तर मानवी पेशीतलं खुद्द मिकही दिसतं, कारण खूण तिथूनच घेतली आहे. २०१५ साली ‘नेचर’मध्ये शंभराहून जास्त शास्त्रज्ञांनी मिळून लिहिलं, की संशोधनातली प्रतिपिंडं त्यांच्या जनुकीय क्रमासकट विकली जावीत, म्हणजे बाटलीत नेमकं काय आहे ते घेणाऱ्याला कळेल.

त्या मानाने टॅगवाले सुखी. एका प्रतिपिंडावर इतक्या लोकांनी इतकी वर्षं डोळे घासलेत, की त्याच्या खोडी पाठ झाल्यात. मला मात्र एक गोष्ट खटकत राहिली. वेस्टर्नवरची रेघ सांगते की फ्लॅग इथे आहे. त्या फ्लॅगच्या पाठीशी भाचीचं आख्खं प्रथिन आहे, की अर्धं तुटलेलं, की घडी विस्कटलेलं, ते रेघ सांगत नाही. परटाच्या खुणेनेही धोतर कुणाचं ते कळायचं, फाटलंय का ते नाही. भाचीला हे सांगितलं तर ती म्हणाली, “म्हणून तर पाच वर्षं लागतात.”

कामात बिब्बा

बिब्बा कपड्याला नुसती खूण देतो असं नाही, अंगाला लागला तर उततोही. टॅगचंही तसंच आहे. आठ अमिनो आम्लांची शेपटी म्हणजे प्रथिनाच्या मानाने काहीच नाही, एक किलोडाल्टन. पण ती कुठे लावली यावर फार अवलंबून असतं.

याचं उत्तम उदाहरण मन्रो आणि पेलम यांनीच १९८७ मध्ये दिलं. पेशीच्या आत एका जाळीदार कप्प्यात कायम वस्तीला असलेली काही प्रथिनं असतात. त्यांच्या अगदी शेवटी चार अमिनो आम्लं असतात, के-डी-ई-एल. ती शेवटी आहेत म्हणूनच त्यांना घरात ठेवून घेतलं जातं. त्यांच्यापुढे आणखी काही जोडलं, तर पेशी त्या प्रथिनाला बाहेर टाकते. चांगलं घरातलं माणूस आणि शेपटीपायी रस्त्यावर. ज्यांची सुरुवातीची काही अमिनो आम्लं वाटेत कापून टाकली जातात, अशा प्रथिनांना पुढच्या टोकाला खूण लावली तर खूणच कापली जाते. हे आधी कळत नाही. म्हणून भाचीने दोन्ही केली आहेत: एकाला पुढे टॅग, दुसऱ्याला मागे. मागे टॅग असलेलं तिचं प्रथिन भरपूर बनतं, वेस्टर्नवर सुरेख दिसतं आणि काम काहीही करत नाही. पुढे टॅग असलेलं जेमतेम बनतं, पण कामाला चोख.

“ऑफिसातही असंच असतं,” मी म्हटलं. ती हसली नाही. तिचे आठ महिने त्यात गेले होते.

शेपूट कापल्यावर

शेवटच्या भेटीत ती टॅग काढत होती. प्रथिनाची घडण इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली बघायची तर ही लोंबती शेपटी नको. एंटरोकायनेजचा भरवसा तिला वाटत नाही, कुठेतरी भलतीकडेही कापतं म्हणते. म्हणून टॅग आणि प्रथिन यांच्यामध्ये तिने आणखी एक खाच लिहून ठेवली होती. ती तंबाखूच्या रोपावरच्या एका विषाणूचं टीईव्ही हे विकर कापतं आणि नेमकं तेवढंच कापतं. गंमत म्हणजे त्या कात्रीलाही स्वतःची खूण असते, सहा हिस्टिडिनांची. काम झालं की सगळं निकेलवरून जाऊ द्यायचं, कात्री मागे राहते.

रात्रभर कापणं चाललं. सकाळी तिने दोन गोष्टी शेजारी ठेवल्या. एक वेस्टर्न: कापण्याआधीच्या लेनमध्ये काळी रेघ, नंतरच्या लेनमध्ये कोरा पडदा. उंदराला धरायला काही उरलंच नव्हतं. दुसरा जेल, कूमासी निळ्यात बुडवलेला. हा रंग मुळात लोकर रंगवायचा. आफ्रिकेतल्या कुमासी शहरावर इंग्रजांनी १८९६ मध्ये ताबा मिळवला, त्याच्या नावाने तो विकायला काढला होता. तो खूण वगैरे काही बघत नाही, दिसेल त्या प्रथिनाला रंगवतो. त्या जेलवर दोन्ही लेनमध्ये निळी रेघ होती. दुसरीतली किंचित खाली, मी चष्मा पुसून बघितली तेव्हा दिसली. आणि त्या लेनमध्ये वर-खाली दुसरं काही नव्हतं.

ती बराच वेळ जेल दिव्यावर धरून उभी राहिली. मग सरांना फोटो पाठवला. उत्तरात अंगठा आला.

माल एका छोट्या ट्यूबमध्ये भरला, अर्धा मिलिलिटरही नाही, पाण्यासारखा स्वच्छ. त्याच्या शेजारी तशाच ट्यूबमध्ये नुसतं बफर होतं आणि दोन्हींत मला तरी काही फरक कळेना. तिने झाकणावर काळ्या मार्करने तारीख, आद्याक्षरं आणि ‘कट’ असं लिहिलं. लॅबमधल्या स्पिरिटचा हात लागला की ही शाई जाते, म्हणून वर पारदर्शक टेप चिकटवली. उणे ८० च्या फ्रीझरचं दार उघडलं, वाफेसारखं पांढरं धुकं बाहेर आलं, तिने ट्यूब निळ्या डब्यात खोचली आणि दार लावून घेतलं.

“टेपसुद्धा निघते गं थंडीने कधीकधी,” हातमोजे काढता काढता ती म्हणाली. “तुझ्या त्या लाँड्रीवाल्याकडे बिब्बा असेल का उरलेला?”